घरची बिअर आणि दुकानातली बिअर समोरासमोर ठेवून चव कशी बघायची? (सांगली)

विश्रामबागकर:

नमस्कार मंडळी. माझे दाजी म्युनिकला असतात, तिकडं त्यांना घरी बिअर बनवायचा नाद लागलाय, कधीही फोन करा, विषय फिरून फिरून माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) आणि यीस्टवरच येतो. आता ताईला घेऊन सांगलीला येतायत आणि येताना स्वतःच्या हातच्या अर्ध्या लिटरच्या चार बाटल्या आणतायत. चारच का, तर कस्टमची मर्यादा माणशी दोन लिटर, आणि ताईच्या वाट्याचे दोन लिटर मामांच्या व्हिस्कीत गेले. दोन बाटल्या गव्हाच्या बिअरच्या, तिकडं वाइसबिअर म्हणतात ती, आणि दोन पेल एलच्या, म्हणजे हॉप्स नावाच्या फुलांचा कडूपणा आणि वास जास्त असतो ती.

घरात आत्ताच दोन पार्ट्या पडल्यात. दाजी म्हणतात तुमच्या बिअर शॉपीत मिळतं ते नुसतं पाणी आणि गॅस. मामा म्हणतात घरात शिजवलेली दारू म्हणजे हातभट्टी, मी जीव धोक्यात घालणार नाही. म्हटलं एकदा समोरासमोर ठेवूनच बघू. प्यायला आम्ही पाचजण. पण खरी अडचण वेगळीच आहे, जावई एवढ्या लांबून बाटल्या कपड्यात गुंडाळून आणणार आणि समोर बसून "कशी झालीय?" विचारणार, तिथं "बरी नाही झाली" म्हणायची कुणाची छाती आहे? तर कुठल्या बिअरशी लावायची, किती थंड करायची, कसं करायचं म्हणजे खरं काय ते कळेल, सगळं सांगा. आणि सोबत भडंग चालेल का, कारण घरात भडंग सोडून दुसरा चकणा कुणाला माहीत नाही.

नाद_खुळा_मिरज:

भावा एवढा विचार कशाला, दुकानातली स्ट्राँग आण, दाजींची एक आण, जी पिऊन दाजी गाणं म्हणायला लागतील ती भारी. भडंग चालतंयच, विचारतोस काय.

माल्टोबा:

मूळचा माधवनगरचा, आता पुण्यात. जरा सविस्तर लिहितो कारण हा प्रकार नीट केला तर लई मजा येते आणि घाईत केला तर चार बाटल्या फुकट.

पहिलं, जोड्या नीट लावा. दाजींची वाइसबिअर आणि आपल्याकडची साधी लागर, म्हणजे शॉपीत मिळते ती नेहमीची बिअर, यांची तुलना करून काही हाती लागत नाही, दोन्हींची जातच वेगळी. गव्हाच्या बिअरला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, तो तिच्या यीस्टमुळं येतो आणि यायलाच पाहिजे. केळ्यात जे आयसोअमाइल ॲसिटेट असतं तेच ते यीस्ट तयार करतं. मामा हुंगून म्हणतील केळं नासलंय, तर त्यांना आधीच सांगून ठेवा. हीच गोष्ट लागरमध्ये आली तर मात्र दोष. म्हणून वाइसबिअरसमोर वाइसबिअरच ठेवायची, पुण्यात एर्डिंगर मिळते, कुणी येणार असेल तर मागवून घ्या. हुगार्डन घेऊ नका, ती पण गव्हाचीच पण बेल्जियन पद्धतीची, तिच्यात धने आणि संत्र्याची साल असते, परत वेगळी गोष्ट झाली.

दुसरं, दाजींचा प्रश्न. कुठला पेला कुणाचा हे कुणालाच कळता कामा नये, दाजींनासुद्धा. तीन पेल्यांची चाचणी करा. प्रत्येकासमोर तीन पेले, दोनात एकच बिअर, तिसऱ्यात दुसरी, आणि वेगळा पेला कुठला एवढंच ओळखायचं. आवडली का हे विचारायचंच नाही, ते नंतर. काहींना दोन पेले दाजींचे आणि एक दुकानातला, काहींना उलटं. नुसत्या अंदाजानं तिघातला एक जण बरोबर येतोच, म्हणून पाचजणांत निदान चौघांनी बरोबर ओळखलं तरच म्हणायचं की फरक खरंच कळतोय. तिघं बरोबर आले तर ते नशिबानंही होऊ शकतं. बिअर फार लागत नाही, पेल्यात ५० मिली ओतली तरी पंधरा पेल्यांना पाऊण लिटर, म्हणजे दोन्हीची एकेक बाटली पुरते.

पेले स्टीलचे घ्या. मस्करी नाही, रंग आणि गढूळपणा दिसला की माणूस जिभेनं नाही डोळ्यानं पितो. पेले आदल्या रात्री साबणाचा वास जाईपर्यंत धुवा, पुसू नका, उपडे घालून वाळू द्या. तेलाचा जरा जरी ओशटपणा राहिला तर फेस बसतो आणि तुम्ही बिअरला नावं ठेवता. चाचणी झाली की मग काचेच्या ग्लासात ओतून रंग, फेस बघत आरामात प्या.

तिसरं, बर्फासारखी थंड करू नका. जीभ बधिर झाली की सगळ्या बिअर सारख्याच लागतात, स्वस्त बिअर चिल्ड प्यायला सांगतात त्यात तेवढा शहाणपणा आहेच. फ्रीजमधनं काढली की चार-पाच अंशांवर असते, वाइसबिअरला सात ते दहा बरं. सांगलीच्या उन्हाळ्यात बाहेर दहा-पंधरा मिनिटं ठेवली की झालं. फ्रीजरमध्ये अजिबात नको, विसरलात तर बाटली फुटते.

भडंग नंतर. लसूण आणि तिखट एकदा तोंडात गेलं की पुढचा अर्धा तास तुमची जीभ साक्षीला उभी राहत नाही. मधे मधे साधे चुरमुरे नाहीतर पाव, आणि पाणी.

आधी वाइसबिअर, मग पेल एल. उलटं केलं तर हॉप्सचा कडूपणा तोंडात बसतो.

हळदबाजार:

मामांचं बरोबरच आहे की, घरात केलेल्या दारूचा काय भरोसा. आणि एक विचारायचं होतं, हे सांगलीत करता येईल का? म्हणजे आपल्याकडं द्राक्षं आहेत, गूळ आहे, बिअर नाही तर काहीतरी.

कंदीपेढा:

साताऱ्यातनं नमस्कार. @हळदबाजार, दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हातभट्टीत गाळप, म्हणजे उकळून वाफेची दारू काढणं, असतं आणि माणसं मरतात ती बहुतेक वेळा मिथेनॉलनं, तेही कुणीतरी मुद्दाम मिसळलेल्या. २०१५ ला मुंबईत मालवणीला शंभरावर लोक गेले ते मिथेनॉलमुळंच. बिअरमध्ये गाळप नसतंच, सातूच्या माल्टचं गोड पाणी हॉप्सबरोबर उकळायचं, थंड करून यीस्ट घालायचं, संपलं. त्यात मिथेनॉल नावापुरतं असतं. घरच्या बिअरची वाईटात वाईट गोष्ट म्हणजे ती आंबट होते नाहीतर बाटलीत साखर जास्त पडली तर बाटली फुटते. दुसरी गोष्ट मात्र खरंच धोक्याची आहे, काचा उडतात.

पण सांगलीत करायचं म्हणशील तर नाही. महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ चा, परवान्याशिवाय दारू बनवणं गुन्हा आहे, मग ती सातूची असो नाहीतर तासगावच्या द्राक्षांची. पलूसला वाइन पार्क आहे तो सरकारच्या २००१ च्या धोरणातला, तिथं परवाने घेऊनच काम चालतं. ब्रिटनमध्ये १९६३ ला घरगुती बिअरचा परवानाच काढून टाकला, अमेरिकेत १९७८ ला राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केली आणि घरटी वर्षाला २०० गॅलनपर्यंत मोकळीक झाली. त्यांच्याकडं हा छंद, आपल्याकडं केस. दाजी तिकडं बनवतात आणि मर्यादेत आणतात ते ठीक. इथं त्यांच्याकडनं शिकून घ्यायच्या भानगडीत पडू नका.

आता मूळ प्रश्नावर. माल्टोबांनी सगळं सांगितलं पण एक राहिलं, दुकानातली बाटली कुठं ठेवलेली होती ते बघा. माझं तर मत असं की घरची की कंपनीची हे भांडण फार मोठं नाही, कधी भरलीय आणि कुठं पडून होती यावर निम्मा निकाल लागतो. आपल्याकडं बऱ्याच लेबलांवर सहा महिन्यांची मुदत असते, ती पण नीट ठेवली तर. एप्रिल-मे मध्ये टेम्पोत, गोदामात, मग शॉपीच्या दारात क्रेटमध्ये, असं करत आलेली बिअर मुदतीच्या आतच म्हातारी होते, ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. म्हणून टिन घ्या, खालची तारीख वाचा आणि फ्रीजमधलीच द्या म्हणून सांगा.

उजेड तर उष्णतेपेक्षा वाईट. हॉप्समधली कडू द्रव्यं आणि ऊन एकत्र आलं की गंधकाचं एक संयुग तयार होतं आणि त्याचा वास इतका उग्र की कणभर पुरतो. तपकिरी बाटली बराचसा उजेड अडवते, हिरवी फार थोडा, पांढरी जवळजवळ नाहीच. टिनमध्ये प्रश्नच नाही. विश्वास बसत नसेल तर हिरव्या बाटलीतली लागर दोन काचेच्या ग्लासात ओत, एक कपाटात ठेव, एक दुपारच्या उन्हात गच्चीवर, दहा मिनिटांनी दोन्ही हुंग. यासाठी दाजींची बाटली वाया घालवू नकोस.

नाद_खुळा_मिरज:

एवढं केमिस्ट्री बारावीत केलं असतं तर आज मी डॉक्टर असतो.

बव्हेरियाची_आठवण:

जर्मनीत काही वर्षं काढलीत म्हणून लिहितोय. दाजी १५१६ च्या शुद्धतेच्या कायद्याचं कौतुक सांगतील, सगळेच सांगतात, बिअरमध्ये सातू, हॉप्स आणि पाणी सोडून काही नको. तेव्हा त्यांना हळूच विचारा की मग गव्हाची बिअर कुठनं आली? त्या कायद्यात गहू बसतच नव्हता. पुढं बव्हेरियाच्या राजघराण्यानं गव्हाच्या बिअरचा हक्क स्वतःकडं ठेवला आणि त्यावर बक्कळ कमावलं. यीस्टचंही नाव त्यात नाही, तेव्हा ते काय असतं हेच माहीत नव्हतं. आपल्या लागरमध्ये तांदूळ नाहीतर मका घालतात म्हणून नाक मुरडायचं काही कारण नाही, अमेरिकेतली बडवायझर पण तांदूळ घालूनच बनते. तांदळानं बिअर हलकी, कोरडी होते, आपल्या उन्हात ती बरी पण वाटते.

विश्रामबागकर:

सगळ्यांचे लई आभार. एर्डिंगर पुण्याहून येणारा चुलतभाऊ आणतोय. भाचा म्हणतोय ओतायचं काम मी करतो, तो एकोणीसचा आहे, त्याला चालेल ना? आणि बाटल्या विमानातनं, मग मुंबईहून गाडीतनं हादरत येणार, त्यांचं काय?

माल्टोबा:

भाच्याला ओतू दे, पाजू नकोस, महाराष्ट्रात बिअरलाही २१ पूर्ण लागतात. उलट बरंच झालं, जो पीत नाही त्यानंच ओतावं. पेल्यांच्या बुडाला चिकटपट्टीवर आकडे, आणि कुठल्या आकड्यात काय ते भाच्याच्या वहीत. त्यानं आत ओतून ठेवायचं आणि बाहेर दुसऱ्या कुणीतरी आणून ठेवायचं, नाहीतर त्याच्या तोंडावरनं कळतंय.

घरची बिअर बाटलीतच गॅस धरते, भरताना लिटरमागं सहा-सात ग्रॅम साखर घालतात आणि उरलेलं यीस्ट ती खातं. त्यामुळं तळाला गाळ असतो. हादरून आली की सगळं ढवळलेलं असणार, तर दोन दिवस फ्रीजमध्ये उभी ठेवा, आडवी नको. पेल एल हळू एका दमात ओतायची आणि तळाचा बोटभर गाळ बाटलीतच ठेवायचा. वाइसबिअरचं उलटं, शेवटचा घोटभर राहिला की बाटली गोल फिरवून गाळासकट ओततात. पण तुमच्या चाचणीत दोन्ही वाइसबिअर आधी एकेका तांब्यात ओतून मग पेल्यात घ्या, नाहीतर पहिला पेला निवळ आणि शेवटचा गढूळ, आणि लोक गाळाच्या फरकावरनं ओळखतील.

मार्क द्यायचे असतील तर परदेशातले परीक्षक ५० पैकी देतात, वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडात कशी वाटते त्याला ५ आणि एकूण मत १०. दिसण्याला फक्त तीन हे ध्यानात घ्या.

विश्रामबागकर:

झालं मंडळी. रविवारी दुपारी बसलो. सांगतो सगळं.

आधी गच्चीवरचं. कंदीपेढा यांनी सांगितल्याप्रमाणं हिरव्या बाटलीतली लागर दोन ग्लासात ओतली, एक आत कपाटात, एक गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर. ऊन म्हणजे काय, पायाला चटके बसत होते. दहा मिनिटांनी आणला तर बिअर कोमट झालेली म्हणून दोन्ही ग्लास परत फ्रीजमध्ये टाकले, आणि मग हुंगले. आतला साधा, जरा धान्यासारखा वास. उन्हातल्याला जळालेलं रबर आणि त्याच्यामागं काहीतरी सडलेल्या कोबीसारखं. दाजींनी नाक मागं घेतलं. आणि मामा काय म्हणाले असतील, "ह्यो तर भारीतल्या बिअरचा वास हाय की, लग्नात असलीच असती." म्हणजे माणूस इतकी वर्षं उन्हानं बिघडलेल्या वासालाच उंची माल समजत होता.

मग तीन पेले. भाच्यानं आत ओतलं, वहिनीनं आणून ठेवलं, दोघांच्याही चेहऱ्यावर काही नाही. एकीकडं दाजींची वाइसबिअर, एकीकडं एर्डिंगर. स्टीलच्या पेल्यात बिअर प्यायला सुरुवातीला विचित्र वाटतं, ताक प्यायला बसल्यासारखं. पण खरं सांगतो, डोळ्याला काही दिसत नाही म्हटल्यावर पाचही जण गप्प, कधी नव्हे ते. मी तर प्रत्येक पेला तीन-तीनदा हुंगला. दोन्हींना केळं होतं, दाजींच्यात जरा जास्त आणि लवंग कमी, पण हे मला वही उघडल्यावर कळलं असं वाटतंय, आधी खात्रीनं सांगता आलं नसतं.

पाचजणांत तिघं बरोबर. माल्टोबांच्या हिशोबानं म्हणजे नापास. मामा बरोबर आले, मी चुकलो, चुलतभाऊ चुकला, मित्र बरोबर. दाजींचं ऐका. वेगळा पेला त्यांनी एका घोटात ओळखला, बाकीच्यांनी घेतला तेवढा वेळ पण नाही घेतला. मग स्वतःहूनच म्हणाले की ही माझी, हिला जी तोंडात गोलाई आहे ती कारखान्यात येत नाही. भाच्यानं वही उघडली. एर्डिंगर. ताई जी हसत सुटली ती जेवायला बसेपर्यंत. दाजी पण हसले, जरा उशिरा. मग म्हणाले की एर्डिंगरइतकी जमली असेल तर मला काय वाईट वाटायचंय, आणि हे पण खरंच आहे.

पेल एलचं मात्र तितकं जमलं नाही. समोर दुसरी पेल एल नव्हती म्हणून नुसती चाखली. कडूपणा चांगला, पण दाजी ज्या आंब्यासारख्या, संत्र्यासारख्या वासाचं फोनवर वर्णन करायचे तो आलाच नाही, उलट मधाची, टॉफीची गोडसर चव. दाजी स्वतःच म्हणाले जानेवारीत अशी नव्हती. प्रवासानं झालं असेल का? त्यानंतर भडंग काढलं आणि मामांनी नेहमीची लागर चिल्ड करून घेतली, भडंगाबरोबर तीच बरी लागते यावर कुणाचं दुमत नव्हतं.

हळदबाजार:

म्हणजे मामांनी घरची प्यायली तर!

विश्रामबागकर:

पहिला घोट दाजींनी घेतल्यावर पाच मिनिटं त्यांच्याकडं बघत बसले, मग घेतला.

माल्टोबा:

दाजींचं अभिनंदन सांगा, गव्हाची घरी एवढी जमवणं सोपं नाही.

पेल एलचं म्हणशील तर प्रवासानं थोडं, पण मुख्य कारण ऑक्सिजन. घरी बाटली भरताना कितीही जपलं तरी हवा जातेच, मोठ्या ब्रुअरीत भरताना ऑक्सिजन अब्जात काही भाग इतका खाली ठेवतात, त्याला तशी मशिनरी लागते. हॉप्सचा वास सगळ्यात आधी मरतो, आणि मध-टॉफी हे त्याचंच लक्षण. वाइसबिअरला हॉप्स कमी, सगळा खेळ यीस्टचा, म्हणून ती तगली. जानेवारीची पेल एल एप्रिलमध्ये, त्यात विमान आणि गाडी, दाजींच्या हाताचा दोष नाही. एक सोपी खूण, असली बिअर ग्लासात नेहमीपेक्षा जरा काळपट दिसते.

चांगली पेल एल चाखायचीच असेल तर दाजींना परत जाताना पुण्यात एक संध्याकाळ ठेवायला सांगा. २००९ ला डूलॅलीनं सुरुवात केली तेव्हापासून पुण्यात बऱ्याच मायक्रोब्रुअरी झाल्यात, तिथल्या तिथं बनवून टाकीतनं ग्लासात. घरची आणि कंपनीची यांच्या मधली गोष्ट आहे ती. फक्त गाडी दुसऱ्या कुणाला चालवू दे.

कंदीपेढा:

एर्डिंगरची तारीख काय होती ते बघितलं का? जुनी निघाली असेल तर निकाल बदलतो.

विश्रामबागकर:

बघितली, मुदतीला अजून पाच महिने होते. आणि पुण्याचं ठरलंय, शुक्रवारी, चुलतभाऊ पीत नसतो तो चालवणार... म्हणजे त्या दिवशी पिणार नाही, रविवारी तर त्यानं सगळ्यात जास्त प्यायली. दाजी म्हणतात पुढच्या खेपेला चारही बाटल्या वाइसबिअरच्याच.